संख्याशास्त्राची सुरुवात शिकवणाऱ्या शिक्षकांना तयार करताना

या प्रशिक्षणात नव्याने उतरलेले मार्गदर्शक बहुतेकदा सूत्रांच्या उजळणीने सुरुवात करतात. पण सूत्रं शिक्षकांना येतातच. एकाच समष्टीतून (ज्याबद्दल जाणून घ्यायचं तो संपूर्ण गट) पुन्हा पुन्हा नमुना घेतला, तर सरासरी दर वेळी वेगळी येते आणि त्या वेगळेपणालाही शिस्त असते, हे मात्र अनेकांनी स्वतःच्या हाताने कधी करून पाहिलेलं नसतं. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ यालाच द्यावा.

आरंभी दोन आयतालेख (कोणती किंमत किती वेळा आली हे स्तंभांच्या उंचीने दाखवणारी चित्रं) दाखवा. एकात १ ते १० पर्यंतचे सगळे स्तंभ सारख्या उंचीचे, दुसऱ्यात मधले उंच आणि कडेचे बुटके. विखुरण कशात जास्त? स्तंभ वरखाली दिसतात म्हणून काही जण दुसऱ्याकडे बोट दाखवतात. खरं तर पहिल्यात जास्त, कारण तिथे मध्यापासून दूरच्या किमती अधिक आहेत. उत्तर लगेच सांगू नका, शेजाऱ्याशी वाद घालू द्या. विद्यार्थीही हीच चूक करणार आहेत आणि ती कुठून येते हे शिक्षकाला ठाऊक हवं.

मग फासे. ३० शिक्षक असतील तर प्रत्येकाला एक फासा द्या. आधी प्रत्येकाने एकदाच टाकून आलेला आकडा फळ्यावर ठिपक्याने मांडायचा. नंतर ४ वेळा टाकून सरासरी, शेवटी २५ वेळा टाकून सरासरी. प्रत्येक फेरीआधी ठिपके किती पसरतील याचा अंदाज लिहून घ्यायचा. ही पायरी वगळली तर सगळा खटाटोप नुसता खेळ होतो. तिन्ही चित्रांचा मध्य ३.५ च्या आसपास राहतो, पसरण मात्र आटत जाते: प्रमाण विचलन (किमती मध्यापासून साधारण किती दूर पसरतात याचं माप) अनुक्रमे सुमारे १.७१, ०.८५ आणि ०.३४. नमुना चौपट केला की पसरण निम्मी होते, हे इथे डोळ्यांना दिसतं.

घोळ इथेच होतो. ठिपका म्हणजे एक फेक की एका नमुन्याची सरासरी, हे विसरलं जातं आणि प्रमाण विचलन व प्रमाण त्रुटी (नमुन्यांच्या सरासऱ्यांची पसरण) एक होऊन बसतात. म्हणून तीन फेऱ्यांना तीन रंग, तीन वेगळे अक्ष (एकाखाली एक, एकाच मापाचे), आणि अधूनमधून एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारायचं: ‘हा कशाचा आहे?’

त्याच आकड्यांवर विश्वास अंतराल (नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी काढलेला पट्टा, इथे ९५ टक्क्यांचा) उभं करता येतं. २५ फेकांच्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना ०.६७ (०.३४ च्या जवळपास दुप्पट) मोजून प्रत्येकाने आपली रेघ काढायची. ३० पैकी साधारण एकदोन रेघा ३.५ ला चुकवतात, कधी एकही नाही, कधी तीनचार. मग ९५ टक्के हे पद्धतीच्या यशाचं प्रमाण आहे हे समजावणं सोपं जातं. आखून झालेल्या रेघेत ३.५ असतो किंवा नसतो.

पी-मूल्यासाठी (नाणं खरं धरलं तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता) नाणं पुरे. कुणाला २० फेकींत १५ छापे मिळाले, नाणं खोटं आहे का? प्रत्येकाने २० फेकींचे ५ संच केले की १५० निकाल जमतात. त्यात १५ किंवा अधिक छापे सरासरी तीनदा येतात. ही शक्यता, म्हणजेच पी-मूल्य, सुमारे ०.०२१ आहे. ‘नाणं खरं असण्याची शक्यता २ टक्के’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. आपण नाणं खरं धरूनच मोजलं, त्यामुळे ते खरं असण्याची शक्यता या आकड्यातून निघत नाही. संगणकावरची हजारो पुनरावृत्ती या हातकामानंतरच दाखवावी, आधी दाखवली तर पडद्यामागे काय चाललंय ते कळत नाही.

सहसंबंधाला (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात याचं माप) थोडा वेळ चालेल. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोमने १९७३ मध्ये दिलेले चार संच, प्रत्येकी ११ जोड्या, सहसंबंध सगळीकडे ०.८२ च्या जवळ. आधी आकडे, मग आलेख, चारही अगदी वेगळे दिसणारे.

शेवटी सराव पाठ, प्रत्येकी १२ मिनिटांचा. दोन सहकाऱ्यांना आधीच एकेक ठरावीक गैरसमज विद्यार्थी म्हणून मांडायला सांगून ठेवा. निरीक्षकाने शिक्षकाचं बोलणं तपासण्यापेक्षा चुकीच्या उत्तरानंतर त्याने कोणता प्रश्न विचारला तो शब्दशः टिपावा. ‘नाही, बरोबर असं आहे’ असा सूर दिसला, तर तोच पाठ त्याच दिवशी पुन्हा घ्यायला लावावा.