या चुका टाळा: साध्या ॲमीटरवर बॅटरीचा दुतर्फा प्रवाह दाखवताना

बॅटरी चार्ज होत आहे की रिकामी होत आहे, हे एकाच काट्यावर कळावे म्हणून साध्या पॅनेल मीटरचे शून्य मध्यावर आणता येते. मात्र मीटर मूव्हिंग कॉइल जातीचाच, म्हणजे कायम चुंबकात कॉइल फिरणारा, हवा. मूव्हिंग आयर्न मीटरमध्ये प्रवाह उलटला तरी काटा उजवीकडेच सरकतो, त्यामुळे डायलवरील नालाच्या आकाराच्या चुंबकाचे चिन्ह आधी पाहावे.

पहिली मोठी चूक शंट, म्हणजे मुख्य प्रवाह वाहून नेणारा आणि मीटरला समांतर जोडलेला अगदी कमी रोधाचा तुकडा, निवडताना होते. ७५ मिलिव्होल्टला पूर्ण सरकणाऱ्या मीटरचे शून्य स्प्रिंग फिरवून मध्यावर आणले, की प्रत्येक बाजूला निम्माच, म्हणजे ३७.५ मिलिव्होल्टचा, वाव उरतो. म्हणून ५०-०-५० अँपिअरच्या स्केलसाठी १०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट घ्यावा. ५० अँपिअरचा लावल्यास काटा २५ अँपिअरलाच टोकाला जातो. समोरचा शून्य जुळवण्याचा स्क्रू थोडाच फिरतो, त्यावर जोर करू नये. मीटर उघडून स्प्रिंगचे टोक सरकवताना टेबलावर लोखंडाचा कीस नसावा, कारण चुंबकाच्या फटीत अडकलेला एक कणही काटा अडवतो.

स्प्रिंगला हात न लावता काटा विजेने मध्यावर आणू पाहणारे बहुधा एका ठिकाणी फसतात. शंटला थेट जोडलेल्या, एक मिलिअँपिअरला पूर्ण सरकणाऱ्या मीटरला रेझिस्टरमधून अर्धा मिलिअँपिअर दिला, तरी काटा हलत नाही आणि मीटर बिघडल्याचा समज होतो. वास्तविक तो प्रवाह एक मिलिओहमहूनही कमी रोध असलेल्या शंटमधून निघून जातो. येथे शंट सोडून हॉल सेन्सर, म्हणजे प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र ओळखून त्या प्रमाणात व्होल्टेज देणारा सेन्सर, वापरणेच मला योग्य वाटते. एसीएस७१२ या हॉल सेन्सर चिपच्या ३० अँपिअर प्रकारात शून्य प्रवाहाला २.५ व्होल्ट मिळतात, आणि त्याच एक मिलिअँपिअरच्या मीटरचा कॉइलसह एकूण रोध ५ किलोओहम ठेवला की काटा बरोबर मध्यावर थांबतो. मात्र प्रति अँपिअर ६६ मिलिव्होल्टच वाढत असल्याने ३० अँपिअरला काटा ०.९ मिलिअँपिअरच्या जवळ असतो. स्केलच्या टोकावर ३० लिहिणे चूक ठरते.

या सेन्सरचे शून्य पुरवठ्याच्या निम्म्यावर असते, म्हणून ५ व्होल्टचा पुरवठा रेग्युलेटरमधूनच द्यावा. तो बंद पडला तर काटा डावीकडे पडून जोरदार डिस्चार्जचा भास होतो. डायलवर त्या टोकाशी ‘बंद’ असे लिहून ठेवावे.