त्रिकोण ओळखताना या चुका टाळा

५, ६ आणि ८ सेमी बाजूंचा त्रिकोण काढून पाहा. त्यातला मोठा कोन काटकोनासारखाच दिसतो आणि बरेच जण लगेच पायथागोरस लावून मोकळे होतात. प्रत्यक्षात तो कोन जवळपास ९३ अंशांचा आहे, म्हणजे त्रिकोण विशालकोन! आकृती बघून ठरवू नका, वर्ग करा. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग ६४, उरलेल्या दोन्हींच्या वर्गांची बेरीज ६१. मोठ्या बाजूचा वर्ग जास्त आला तर विशालकोन, कमी आला तर लघुकोन, नेमका जुळला तरच काटकोन.

समद्विभुज त्रिकोणात वेगळीच गडबड होते. दोन बाजू ४ आणि ९ दिल्या की परिमिती १७ किंवा २२ अशी दोन उत्तरं लिहिली जातात. पण ४, ४, ९ हा त्रिकोण होतच नाही. ४ आणि ४ मिळून ९ पर्यंत पोचत नाहीत. उत्तर २२च. याउलट एक कोन ४० अंश दिला, तर उरलेले कोन ७०-७० किंवा ४०-१००, दोन्ही शक्य आहेत, आणि इथे मात्र लोक एकच लिहितात. समभुज त्रिकोण समद्विभुजही असतो, हेही विसरतात. अर्थात युक्लिडच्या व्याख्येत 'फक्त दोन' बाजू समान होत्या. आज आपण 'किमान दोन' म्हणतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवते ती विशालकोन त्रिकोणाची उंची. समजा पाया ६ सेमी, त्याच्या एका टोकाशी विशालकोन आणि तिथून निघालेली तिरकी बाजू ५ सेमी. समोरच्या शिरोबिंदूतून टाकलेला लंब पायावर पडतच नाही. पाया त्या टोकापुढे तुटक रेषेने वाढवा, लंब ३ सेमी बाहेर पडला असं धरा, मग त्याची लांबी ४ सेमी येईल. क्षेत्रफळ ६ × ४ चं निम्मं, १२ चौसेमी. तिरकी बाजूच उंची धरली तर १५ येतं. वाढवलेले ३ सेमी पायात मिळवले तर १८! तुटक रेषा फक्त लंब टाकण्यापुरती असते, पाया ६ सेमीच राहतो.

शिरोलंब असा बाहेर जाऊ शकतो, मध्यगा (शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूला जोडणारी रेषा) कधीच जात नाही. आकृतीत मध्यगा बाहेर गेली असेल, तर तुम्ही चुकून शिरोलंब काढलाय.