गणित सोडण्याआधी पात्रतेची ओळ वाचा: अकरावी सायन्सच्या विषयनिवडीत या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "आधी सायन्सला ॲडमिशन तर होऊ दे, विषयांचं नंतर बघू." हे 'नंतर' उगवतं ते थेट कॉलेजच्या खिडकीपाशी. मागे रांग असते, हातात फीची पावती असते आणि कारकून विचारतो, "मॅथ्स की जिऑग्रफी?" पाच मिनिटांत चौकोनात खूण होते. त्या खुणेचा अर्थ बहुतेकांना बारावीनंतरच्या जूनमध्ये कळतो.

सायन्सला प्रवेश मिळणं हा निम्माच निर्णय आहे. राज्य मंडळाच्या बारावीत एकूण सहा विषय असतात. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा तिच्या जागी आयटीसारखा विषय, फिजिक्स, केमिस्ट्री, आणि उरलेल्या दोन जागा मॅथ्स, बायॉलॉजी किंवा आणखी कशासाठी तरी. खरा प्रश्न त्या शेवटच्या दोन जागांचा आहे.

दहावीचे एकूण टक्के पाहून गट ठरवणं

दहावीचे टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने काढतात. सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो. समजा गुण असे आहेत: मराठी ९२, संस्कृत ९८, इंग्रजी ८८, सामाजिक शास्त्रं ९४, विज्ञान ८४, गणित ६१. बेरजेत गणित येतच नाही, टक्के होतात ९१.२. पेढे वाटले जातात आणि "नव्वदच्या वर आहेत, मग इंजिनिअरिंगच" असं ठरतं. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत ते झाकलेले ६१ गुण उघडे पडतात.

उलटही घडतं. भाषांमुळे एकूण टक्के ८० वर अडकलेलं, पण गणित-विज्ञानात नव्वदच्या पुढे असलेलं मूल "सायन्स झेपणार नाही" म्हणून वाणिज्य शाखेकडे वळवलं जातं.

म्हणून गुणपत्रिका हातात आली की टक्क्यांवर बोट ठेवून झाका आणि फक्त गणित व विज्ञान पाहा. तेही लेखी परीक्षेचे गुण. दोन्ही विषयांत ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा असतात, उरलेले २० शाळेकडचे. शाळेकडच्या गुणांवर पुढची दोन वर्षं उभी करू नका.

भीतीपोटी गणित सोडणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, आणि दरवर्षी तीच दिसते.

एका मुलीचं उदाहरण घ्या. अशी मुलगी जवळपास प्रत्येक कॉलेजात सापडेल. दहावीत गणितात ६८. घरी ठरलं, 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची, डॉक्टर व्हायचं. "डॉक्टरला मॅथ्स कशाला?" म्हणून गणिताच्या जागी भूगोल घेतला. दोन वर्षं प्रामाणिक अभ्यास केला. नीटला ७२० पैकी जे गुण मिळाले त्यात एमबीबीएस सोडाच, बीएएमएसची सरकारी जागाही दिसेना. मग कुणीतरी सुचवलं, बायोटेक्नॉलॉजीत बीटेक कर, बायॉलॉजी आवडतेच तुला. माहितीपुस्तिका उघडली तर अभियांत्रिकीच्या पदवीला फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे. कोर्सच्या नावात 'बायो' असलं तरी ती पदवी अभियांत्रिकीची आहे, आणि नियमही अभियांत्रिकीचेच लागतात.

मग उपाय निघाला 'तुरळक विषय' म्हणून गणिताची बारावीची परीक्षा देण्याचा. मंडळात ही सोय आहे. पण बारावीच्या गणिताच्या दोन भागांत मिळून १५ प्रकरणं आहेत आणि ती अकरावीच्या १८ प्रकरणांवर उभी आहेत. अकरावीचं लिमिट न करता बारावीचं डिफरन्सिएशन करायला बसलेल्या मुलाला सूत्रं पाठ होतात, गणित सुटत नाही. जुलैला सुरुवात करून फेब्रुवारीत परीक्षा, पाठोपाठ पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. दोन वर्षांचं काम सात महिन्यांत करायचं, तेही वर्गाशिवाय. शिवाय एक वर्ष गेलंच.

या सगळ्यात नेमकं कुठे चुकलं? नीटची तयारी करण्यात काहीच चूक नव्हती. गणित सोडताना त्याबरोबर आणखी काय काय सुटतंय याची यादी कुणी केली नाही, ही चूक. ती यादी साधारण अशी आहे. अभियांत्रिकी. आर्किटेक्चर, कारण तिथे बारावीला गणित लागतं. कमर्शियल पायलटचा परवाना, त्यालाही बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स हवेत. एनडीएमार्फत हवाई दल आणि नौदल, तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही पाहिजेत, भूदलाला मात्र ही अट नाही. मर्चंट नेव्हीचा डेकचा मार्ग. एवढं सगळं एका खुणेत जातं.

बायॉलॉजी सोडल्यावर जातं ते वेगळं: एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग. इथे थोडी सवलत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये सूचना काढली आणि बारावीनंतर बायॉलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यांना नीटचा मार्ग मोकळा केला. पण ती सोय अडलेल्यांसाठी आहे. तिच्या भरवशावर अकरावीत बेत आखू नये.

बीफार्मला दोन्ही गट चालतात: फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स किंवा बायॉलॉजी यांपैकी एक. बीएस्सी ॲग्रीलाही दोन्ही गटांतून जाता येतं. म्हणजे फक्त फार्मसी किंवा कृषी डोक्यात असेल तर गणितावरून घरात भांडणं करायची गरज नाही.

आता भीतीचं. गणित सोडलं म्हणून गणित सुटत नाही. बालभारतीच्या अकरावीच्या फिजिक्सचं दुसरंच प्रकरण 'मॅथेमॅटिकल मेथड्स' आहे, व्हेक्टर आणि थोडं कॅल्क्युलस. बारावीत इंड्यूस्ड ईएमएफ म्हणजे फ्लक्सचं डेरिव्हेटिव्ह, ऑसिलेशन्समधलं ॲक्सिलरेशन म्हणजे दुसरं डेरिव्हेटिव्ह. केमिस्ट्रीत पीएच, नर्न्स्टचं समीकरण, पहिल्या ऑर्डरची रिॲक्शन, सगळीकडे लॉगॅरिदम. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरावं लागतं. मॅथ्सवाल्या मुलाला हे वर्गात शिकवलेलं असतं. पीसीबीवाल्याला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) फिजिक्सच्या तासाला उभ्या-उभ्या समजून घ्यावं लागतं, म्हणूनच नीटमध्ये त्याचं फिजिक्स कच्चं राहतं. नीटच्या ७२० पैकी फिजिक्सचे १८० गुण आहेत.

दहावीची परीक्षा संपून निकाल लागेपर्यंत बरेच आठवडे हातात असतात. त्यातले आठ-दहा दिवस पुरतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. गणित भाग १ मधलं 'अँगल अँड इट्स मेजरमेंट' आणि 'ट्रिगोनोमेट्री १' ही दोन प्रकरणं घ्या. क्लास नाही, व्हिडिओ नाही. सोडवलेली उदाहरणं झाकून आधी स्वतः करा, मग पडताळा. निम्मी जरी रखडत का होईना सुटली, तर गणित सोडू नका. तासन्तास बसूनही पानच उलटत नसेल आणि बायॉलॉजीचं पुस्तक मात्र हातातून सुटत नसेल, तर निर्णय झालाच आहे, तोही निकालाआधी. हे आठ दिवस काढायला ज्यांना जड जातं, त्यांनी दोन वर्षांचे विषय शेजाऱ्याच्या सल्ल्याने ठरवू नयेत.

शंका असेल तर अकरावीला पीसीएमबी, म्हणजे मॅथ्स आणि बायॉलॉजी दोन्ही घ्या. सहा विषयांच्या चौकटीत ते बसतं. विषय सोडणं पुढे सोपं असतं, नव्याने घेणं अवघड. पण ही मुभा वर्षभराचीच समजा. बारावीतही चारही विषय ओढत जेईई (आयआयटी-एनआयटीची प्रवेश परीक्षा) आणि नीट दोन्ही देणारी मुलं एखादा अपवाद वगळता दोन्हीकडे अर्धवट राहतात.

'स्कोअरिंग' विषयाचा मोह

राज्यातल्या अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, मेडिकलची नीटवर. बारावीचे गुण तिथे पात्रतेपुरते लागतात: अभियांत्रिकीला खुल्या गटासाठी ४५ टक्के, नीटवाल्यांना पीसीबीत ५० टक्के, राखीव गटांना सवलत. त्यामुळे संस्कृतमध्ये ९५ मिळवून मेरिट वर जात नाही. अपवाद आयआयटी-एनआयटीचा. तिथे बारावीत एकूण ७५ टक्के किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहे, आणि त्या बेरजेत भाषा व पाचवा विषयही धरतात. जेईईवाल्याने आयटी किंवा आवडीची भाषा घ्यावी ती एवढ्याचसाठी.

बायफोकलचं गणित न मांडणं

कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा बायफोकल हा २०० गुणांचा विषय आहे, दोन विषयांची जागा घेतो. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायफोकलचे दोन पेपर म्हणजे पाच झाले. उरली एकच जागा. त्यात मॅथ्स किंवा बायॉलॉजी, दोन्ही नाही. "कॉम्प्युटरही घेतो आणि नीटही देऊन बघतो" म्हणणाऱ्यांनी ही बेरीज बोटांवर करावी.

टायअपच्या भरवशावर प्रॅक्टिकल आणि अकरावी सोडून देणं

नाव एका कॉलेजात, बसणं क्लासमध्ये, हा टायअपचा प्रकार आता सर्रास झाला आहे. मंडळाचा ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावर पाळला जातो. पालकांना वाटतं वेळ वाचला. वाचत काहीच नाही.

पहिला गोंधळ प्रकरणांचा. क्लास एनसीईआरटीच्या (केंद्रीय पाठ्यपुस्तकांच्या) क्रमाने जातो, राज्य मंडळाचं पुस्तक वेगळ्या. एनसीईआरटीत रोटेशन, थर्मोडायनॅमिक्स आणि ऑसिलेशन्स अकरावीत आहेत, बालभारतीत ती बारावीत. उलट ऑप्टिक्स आणि सेमीकंडक्टरची सुरुवात बालभारतीत अकरावीलाच होते, एनसीईआरटीत बारावीला. क्लासवर विसंबलेल्या मुलाच्या कॉलेज परीक्षेत ऑप्टिक्स येतं आणि ते त्याने पाहिलेलंही नसतं. उपाय साधा आहे: दोन्ही अनुक्रमणिका एका कागदावर शेजारी लिहा, सारख्या प्रकरणांना रेघेने जोडा आणि तो कागद टेबलावर लावा. दर महिन्याला कुठलं प्रकरण दोन्हीकडे होऊन गेलं ते खोडत जा.

अकरावीचे गुण कुठे धरत नाहीत, हे खरं. पण एमएचटी-सीईटीत २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, नीट आणि जेईईत तर अकरावीचा वाटा आणखी मोठा. अकरावी 'आराम' करून बारावीत भरून काढू म्हणणारा बारावीत दोन इयत्ता एकदम करतो.

दुसरं नुकसान प्रॅक्टिकलचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी प्रत्येकी ३० गुण. जर्नल मित्राचं उतरवून होतं, हात मात्र तयार होत नाही. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करावा लागतो, नाहीतर सुरुवातीचे थेंब रंग सोडत नाहीत आणि मूल तोच एंड पॉइंट समजून थांबतं. तेच मोहर सॉल्ट असेल तर गरम करायचं नाही, कारण फेरस आयर्नचं हवेनेच ऑक्सिडेशन होतं आणि रीडिंग कमी येतं. डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं की गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइड. द्रावण गडद असल्यामुळे बुरेटचं रीडिंग वरच्या कडेला घ्यायचं, खालच्या नाही. हे सगळं एकदा वाचून ध्यानात राहत नाही, तीन-चारदा सी.बी.आर. (पुन्हा पुन्हा सारखं येणारं बुरेटचं रीडिंग) जुळवला की राहतं. वर्षभर लॅबमध्ये न गेलेलं मूल परीक्षेच्या दिवशी पहिला फ्लास्क बिघडवतं, दुसरा घाईत करतं आणि रीडिंग बनवून लिहितं. परीक्षकाच्या ते लगेच ध्यानात येतं, कारण बनवलेली तिन्ही रीडिंग दशांशापर्यंत तंतोतंत सारखी असतात.

टायअप घ्यायचंच असेल तर प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन लॅब पाहा. आठवड्यातून कुठल्या दिवशी, किती तास, किती मुलांच्या बॅचला प्रॅक्टिकल होतं हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

उरलेलं थोडक्यात

मैत्रीण पीसीबी घेतेय हे कारण नाही.

शुद्ध विज्ञानात जायचं असेल तर आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर ठेवा. तिथे ६० प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी प्रत्येकी १५, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. पीसीएमवाल्यालाही बायॉलॉजीचे १५ प्रश्न समोर येतात.

पात्रता दरवर्षी बदलू शकते. वडीलधाऱ्यांना आठवणारा नियम त्यांच्या वेळचा असतो. मनात असलेल्या तीन कोर्सेसच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिका उतरवून घ्या, फक्त पात्रतेची ओळ वहीत लिहा आणि त्यातला प्रत्येक सक्तीचा विषय तुमच्या सहांत आहे का ते पाहा.

बारावीचा बोर्डाचा फॉर्म भरून झाला की त्याची प्रत मागून घ्या आणि विषयांचे कोड स्वतः तपासा: फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायॉलॉजी ५६, कला-विज्ञान शाखेचं गणित ४०. गणितासमोर ८८ दिसलं तर तो वाणिज्य शाखेचा पेपर आहे. त्याच दिवशी कॉलेजच्या कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.