जुन्या पार्टवरचा नंबर आधी वाचा
‘हा पार्ट आता येत नाही’ हे उत्तर ऐकून फार चीड येते. पुष्कळदा पार्ट मिळत असतो, आपण तो मशीनच्या नावाने मागतो म्हणून दुकानदाराला सापडत नाही. उदाहरणार्थ बेअरिंग, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारी गोल कडी. ते काढलं की ग्रीस नीट पुसून कडेवरचा नंबर वाचा. ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिमी. कंपनी कुठलीही असो, मापं तीच. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस असेल तर रबराचं. नंबर झिजलाय? व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या जबड्याच्या पट्टीने, तिन्ही मापं घ्या. आणि जुना पार्ट सोबत न्याच. ‘हेच बसेल’ म्हणून हातात दिलेलं तिथेच शेजारी ठेवून पाहता येतं, दुसरी खेप वाचते.