होडी ट्रेलरवर नीट बसली आहे का, हे कसं बघायचं

देवबागला माझी 18 फुटी फायबरची होडी आहे, मागे 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. हंगामभर पर्यटकांना कर्ली नदीच्या संगमावर फिरवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर ट्रेलरवर घेऊन माडांत उभी करायची. पहिला ट्रेलर मी जुना घेतला, दुसऱ्या कुणाच्या लहान होडीसाठी बांधलेला. होडी चढली, पट्टे आवळले, काम झालं असं वाटलं. मागचा फूटभर भाग तेवढा ट्रेलरच्या फळ्यांच्या बाहेर राहिला होता. पावसाळा संपल्यावर पाण्यात घातली, तर वेग घेतला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, दबायची. पुतण्या म्हणाला, "काका, होडयेचा नाक खाली जाता." तळ बघितला. फळ्या संपल्या होत्या तिथून मागे तो खाली लवला होता.

पाणी होडीला अख्ख्या तळाखालून उचलून धरतं. ट्रेलरवर तेच वजन दोन फळ्यांवर आणि चार-पाच रोलरवर येतं. इंजिन 70 किलोच्या पुढे, आणि ते लटकतं ट्रान्समला, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीला. म्हणून सगळ्यात आधी मागे जाऊन वाका. फळ्यांची टोकं ट्रान्समच्या बरोबर खाली आली पाहिजेत. बोटभर बाहेर आली तरी चालतील, पण आत राहिलेली चालणार नाहीत. राहत असतील तर पुढचा विंचचा, म्हणजे होडी ओढून घ्यायच्या चरखीचा, खांब सैल करून होडी पुढे घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर लांब फळ्या घाला, आणि त्यांच्या टोकाखाली लोखंडी आधार हवाच. अधांतरी फळी होडीबरोबर वाकते.

मग कागद घ्या. जुन्या वहीचं पान चालेल. फळी आणि तळ यांच्यामध्ये ते सरकवत पुढून मागे जा. सगळीकडे घट्ट अडकलं पाहिजे. एके ठिकाणी सहज आत गेलं, तर तिथे फळी टेकलेली नाही आणि तिच्या वाटचं वजन शेजारच्या जागेवर आलंय. अशा जागी पांढऱ्या लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात. फळी धरणारा कंस (ब्रॅकेट) सैल करून तिला तळाच्या उताराप्रमाणे कलू द्या, मगच नट आवळा. होडीच्या आत लांबीच्या दिशेने जाणाऱ्या ज्या पट्ट्या तळाला मजबुती देतात, त्यांच्याच खाली फळ्या याव्यात. आत मोजा, बाहेर खडूने खूण करा. पठाणाखालचे, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याखालचे, रोलरही एका रेषेत हवेत. दोरी ताणली की उंच राहिलेला लगेच कळतो. फळीवर गालिचा ठोकताना स्क्रूची डोकी लाकडात बुडवा. मी स्टेनलेसचेच वापरतो, साधे आमच्या खाऱ्या हवेत एका हंगामात गंजतात.

ट्रेलर ओढायचा असेल तर हुकावरचं वजन तपासा. ट्रेलर सपाट जागी, हुक गाडीला लागतो त्या उंचीवर ठेवा आणि खाली लाकडाचा ठोकळा व घरचा वजनकाटा घाला. ट्रेलरसकट सगळं मिळून 800 किलो असेल तर काट्यावर साधारण 80 दिसावं. फारच कमी दिसलं तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवतो, आणि ते फार धोक्याचं आहे. अशा वेळी होडी पुढे ढकलू नका, ती ट्रान्समच्या हिशेबाने बसवली आहे. चाकांची आस मागे सरकवा. मोजताना पेट्रोल, बॅटरी, नांगर सगळं जागच्या जागी असू द्या. एरवी मोजलेलं फुकट.

एवढं केलंत तरी आपल्याकडचा पाऊस उरतोच. 4 मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळात 5 सेंटिमीटर पाणी साचलं तर ते 250 किलो होतं, आणि तेही फळ्यांवरच येतं. इंजिन काढून घरात ठेवा, नाळेकडची बाजू वर उचला, ट्रान्समचं बूच काढून किल्लीच्या जुडग्यात अडकवा. वर ताडपत्री घालाच, पण तिच्या भरवशावर राहू नका. पावसात मी रोज सकाळी बुचाच्या भोकाला बोट लावून बघतो. माडाचा काथ्या आणि पानांचा चोथा तिथे हमखास अडकतो. तो काढला की तांबूस पाण्याची धार सुटते.