बोगद्यांच्या मार्गावर मोबाइलवर वाचायचं असेल तर

कोकण रेल्वेने जाताना रत्नागिरीच्या आसपास रेंज सारखी येते-जाते. एकटा करबुडे बोगदाच सुमारे साडेसहा किलोमीटरचा! अर्धवट उघडलेलं पान तिथे तसंच अडकतं, आणि पुन्हा लोड करताना डेटा दुसऱ्यांदा जातो.

अँड्रॉइड फोनवर क्रोम असेल तर घरच्या वायफायवरच हे करून ठेवा:

१. वाचायचं पान उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर टॅप करून बाणाचं चिन्ह दाबा. पान फोनमध्ये उतरतं.

२. बरेच लेख हवे असतील तर प्रत्येक उघडत बसू नका. लिंकवर बोट दाबून धरा आणि ‘डाउनलोड लिंक’ निवडा. माझ्या मते खरा वेळ इथेच वाचतो.

३. गाडीत त्याच मेनूतून ‘डाउनलोड्स’ उघडा. नेट बंद असलं तरी मजकूर आणि बहुतेक चित्रं दिसतात, व्हिडिओ मात्र चालत नाहीत.

एक काळजी घ्या: उतरवलेलं पान त्या वेळचंच राहतं. पीएनआरची स्थिती किंवा गाडीची वेळ त्यावरून ठरवू नका, रेंज आल्यावर पुन्हा तपासा.