ट्रॅक्टरच्या टायरमधली हवा: या चुका टाळा

पंक्चरवाल्यानं "किती भरू?" विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "भर टाइट." ट्रॉलीला हे एक वेळ चालेल, रानात मात्र हीच हवा नडते.

टाइट भरलेला मागचा टायर मधोमध फुगतो. जमिनीला फक्त मधला पट्टा टेकतो आणि नक्षीच्या कडा कामालाच येत नाहीत. नांगर अडला की चाक जागेवर फिरतं, डिझेल जळतं, नक्षी मधून झिजते. शिवाय टायरखाली मातीवर पडणारा दाब आतल्या हवेच्या दाबाच्या आसपास, किंचित जास्तच असतो. काळ्या रानात वाफसा यायच्या आत, म्हणजे माती अजून जास्त ओली असताना, 25 पौंड (psi) हवेचा ट्रॅक्टर घातला, तर चाकोरीतली माती दगडासारखी होते. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, तर ती फोडायची सोयही उरत नाही.

मग हवा किती? 13.6-28 मापाच्या मागच्या टायरला नांगरट, पाळी, रोटाव्हेटर यांसाठी साधारण 12 ते 14 पौंड. भरलेली ट्रॉली घेऊन डांबरीवर जायचं असेल तर 16 ते 20. पुढच्या 6.00-16 टायरना 24 ते 30. हे ढोबळ आकडे झाले. शेवटचा शब्द ट्रॅक्टरच्या पुस्तिकेचा, आणि टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा कधीच ओलांडायची नाही. छापलेला आकडा म्हणजे भरायचा आकडा, असा समज मात्र करून घेऊ नका. ती फक्त मर्यादा आहे.

पुस्तिका वाचतानाही एक घोटाळा होतो. तिथे दाब बऱ्याचदा किलोमध्ये (kg/cm²) असतो. 1 किलो म्हणजे 14.2 पौंड, म्हणून 0.8 किलो म्हणजे सुमारे साडेअकरा पौंड. 8 पौंड नव्हे.

मोजण्यातल्या चुका

ट्रकच्या टायरसाठी ठेवलेल्या मीटरवर 12 आणि 16 मधला फरक धड दिसत नाही. 0 ते 30 पौंडांचा वेगळा मीटर घरी ठेवा. सकाळी, ट्रॅक्टर चालवण्याआधी मोजा. रस्त्यावरून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली की सकाळी टायर कमी भरलेला असतो.

पाणी भरताना

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पाणी वजनासाठी भरतात आणि वजन ओढकामाला लागतं. पलटी नांगराला ते हवं. रोटाव्हेटर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) फिरतो आणि ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतो, त्यामुळे फक्त रोटाव्हेटरसाठी पाणी भरणं म्हणजे 13.6-28 च्या प्रत्येक चाकात दीडशे लिटरहून जास्त पाण्याचं वजन उगाच वागवणं.

भरायचंच असेल तर चाक जॅकवर उचला, वॉल्व्ह बरोबर वर आणा आणि पिन काढून पाणी सोडा. मधूनमधून नळी काढून आतली हवा बाहेर जाऊ द्या. वॉल्व्हमधून पाणी येऊ लागलं की थांबा. टायर साधारण 75 टक्के भरलेला असतो. उरलेल्या जागेत हवा भरून दाब पुरा करा. पूर्ण पाणी कधीच भरू नका. पाणी दबत नाही, त्यामुळे दगडाचा दणका थेट टायरच्या थरांवर बसतो.

पाण्याच्या टायरमध्ये हवेला जागाच थोडी असते. जराशी गळती झाली तरी दाब झपाट्यानं उतरतो, म्हणून दर आठवड्याला तपासा, तेही वॉल्व्ह वर ठेवून. वॉल्व्ह खाली असताना मोजलं तर पाण्याच्या उंचीमुळे साधारण पौंडभर जास्त दिसतं आणि मीटरमध्ये पाणी शिरून तो गंजतो.

ओढ तपासायची सोपी रीत

मागच्या चाकावर खडूची खूण करा. नांगर उचलून त्याच रानात चाकाच्या 10 फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजा, मग नांगर लावून पुन्हा मोजा. आधी 40 मीटर आणि नंतर 35 मीटर आलं, तर घसरण साडेबारा टक्के. टू-व्हील ड्राइव्हला 10 ते 15 टक्के ठीक. त्याहून जास्त घसरत असेल तर आधी हवा पुस्तिकेतल्या किमान आकड्यापर्यंत उतरवा, वजनाचं नंतर बघा. घसरण 7-8 टक्क्यांच्याही खाली असेल तर वजन जास्त झालंय. ते कमी करा.

हवा फार कमी केली तर

ट्यूबच्या टायरमध्ये हवा फारच कमी असली की ओढताना टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून तुटतो. टायर आणि रिम दोन्हींवर सलग रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली तर दाब वाढवा. डांबरीवर कमी हवेचा टायर कडांनी झिजतो आणि बाजूला घडी पडून तडे जातात. दोन चाकी ट्रॉलीच्या वजनाचा काही भाग हुकावाटे मागच्या टायरवरच येतो, म्हणून रानातून थेट साखर कारखान्याकडे निघण्याआधी हवा भरायलाच हवी. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण नव्या टायरची किंमत बघितली की कंटाळा जातो.

नाशिककडच्या द्राक्षबागांत चालणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. तिथे पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त पुढे सरकतील असं गणित गिअरमध्येच बसवलेलं असतं. मागे नवे टायर आणि पुढे झिजलेले, किंवा पुढे हवा कमी, असं झालं की ते बिघडतं आणि गिअरवर ताण येतो. कडक रस्त्यावर फोर-व्हील बंद ठेवा.

पुढच्या टायरची एकच कड करवतीसारखी झिजत असेल तर दोष हवेत शोधू नका. चाकांचा टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून आत किती वळलेली आहेत, ते तपासून घ्या.